पहिलं रेडियम पायाला

पत्र :

‘नमस्कार काका. आम्ही ऐरोलीत राहतो. आमचे हे महापे एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असतात. रात्री अकराला सुटतात आणि सायकलने ठाणे-बेलापूर रोडवरून घरी येतात. गेल्या महिन्यात रबाळ्याजवळ एक टेम्पो हँडलला घासून गेला. हे पडले, कोपर सोलवटलं, नशिबाने तेवढ्यावरच भागलं. टेम्पोवाला थांबला आणि म्हणाला, “साहेब, दिसलाच नाहीत हो.” तेव्हापासून मला पावणेबारापर्यंत झोप लागत नाही. मी पोपटी रंगाचं चमकणारं जॅकेट आणलं, तर म्हणाले, “मला मेट्रोचा कामगार करतेस का?” मुलगा म्हणतो मागे लाल ब्लिंकर लावू. सायकलवाला म्हणतो रेडियम मारा, काम झालं. सायकल जुनी, काळी आहे. यांचा कंपनीचा ड्रेस गडद निळा. मी घरी शिवणकाम करते, हजाराच्या आत जे होईल ते करीन. आधी काय करू?’

– एक वाचक, ऐरोली

ताई,

तो टेम्पोवाला खोटं बोलला असेल असं मला वाटत नाही. मी स्वतः ते वाक्य एकदा म्हणता म्हणता राहिलोय. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून रात्री गाडी बाहेर काढली होती. समोरून येणाऱ्या ट्रकने अप्पर मारलेला, डोळ्यांपुढे सगळं पांढरं. तो गेल्यावर समोर एक पांढरी पिशवी हवेत डुलताना दिसली. दिसली, हे नक्की. पण रस्त्यावर उडत आलेली पिशवी असेल असं समजून मी अॅक्सिलरेटरवरून पायही उचलला नाही. ती पिशवी एका सायकलच्या हँडलला लटकलेली आहे हे कळलं तेव्हा ब्रेक असा दाबावा लागला की मागच्या सीटवरची भाजी पुढे आली. सायकलवाल्याला पत्ताही नव्हता. तो आपल्या नादात कळव्याकडे निघून गेला.

ही गोष्ट सांगायचं कारण असं, की आपण सगळे ‘दिसणं’ या एकाच शब्दावर अडतो. ड्रायव्हरला काहीतरी चमकलेलं दिसणं वेगळं आणि ‘पुढे सायकल आहे, तीवर माणूस आहे, तो माझ्यापेक्षा खूप हळू चाललाय’ हे कळणं वेगळं. त्याला ब्रेककडे नेतं ते कळणं. आणि त्यासाठी वेळ किती असतो? ताशी ६० किलोमीटरने जाणारं वाहन एका सेकंदात साधारण १७ मीटर जातं. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक. म्हणजे लोकलच्या दोन डब्यांहून जास्त अंतर. पावसात याहून जास्त, भरलेल्या ट्रकचं तर विचारूच नका. डिपरवर, म्हणजे हेडलाइटचा झोत खाली असलेल्या गाडीच्या उजेडात गडद निळ्या कपड्यांतला माणूस इतक्या लांबून बहुतेक वेळा दिसतच नाही.

आता तुमचं जॅकेट. पैसे फुकट गेले नाहीत, पण ते अर्धं कामाचं आहे. तो पोपटी रंग झगझगतो तो सूर्यामुळे. उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण ते कापड शोषतं आणि दिसणाऱ्या रंगात परत टाकतं, म्हणून दिवसा ते इतर रंगांपेक्षा उजळ वाटतं. रात्री ते किरण नसतात. रस्त्यावरच्या दिव्यांत आणि हेडलाइटमध्ये ते नावापुरतेच. त्यामुळे अकरा वाजता ते जॅकेट म्हणजे एक फिकट कापड, बस. गंमत अशी की दुपारी ड्युटीवर जाताना, विशेषतः आभाळ भरून आलेलं असताना, ते उत्तम काम करेल. म्हणजे जाताना उपयोगी, येताना निरुपयोगी.

निरुपयोगी म्हणालो ते कापडाबद्दल. त्यावर चंदेरी पट्ट्या असतील तर त्या रात्रीसाठीच आहेत. त्यांत काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म प्रिझम असतात आणि उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेने ते तो परत पाठवतात. आरसा असं करत नाही, तो उजेड भलतीकडे फेकतो. गाडीचा हेडलाइट आणि ड्रायव्हरचे डोळे जवळजवळ एकाच रेषेत असतात, म्हणून त्याला ती पट्टी दिव्यासारखी पेटलेली दिसते. शेजारून चालणाऱ्या माणसाला मात्र करडी फीत दिसते. रस्त्यात बसवलेल्या चमकणाऱ्या खुंट्यांची, म्हणजे कॅट्स आयची कल्पना याच जातीची. इंग्लंडमधल्या पर्सी शॉ यांनी १९३४ साली तिचं पेटंट घेतलं. आपण या सगळ्या प्रकाराला ‘रेडियम’ म्हणतो. खऱ्या रेडियमशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण शब्द चांगला रुळलाय, मीही तोच वापरतो.

तर रेडियम कुठे लावायचं? सायकलवाला बहुधा मागच्या मडगार्डवर एक पट्टी मारून देईल. ती हवीच. पण पहिलं रेडियम पायाला लावा. घोट्याला.

हे कुठून आलं ते सांगतो, कारण हे ‘यांना’ पटवताना तुम्हाला लागेल. १९७३ मध्ये गुन्नार योहानसन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने प्रयोग मांडला. अंधारात माणसाच्या फक्त सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके. माणूस स्थिर असताना बघणाऱ्याला काही अर्थबोध होत नाही, नुसते ठिपके. तो चालायला लागला की क्षणात कळतं, हा माणूस आहे. आपला मेंदू हालचालीची ही चाल जन्मभर पाहत आलेला असतो. सायकलवाल्याच्या घोट्यांचं तसंच आहे. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. रस्त्यावर दुसरं काहीच असं हलत नाही. पिशवी नाही, खांबावरची पाटी नाही, बंद पडलेला ट्रक नाही.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या संशोधकांनी २०१२ मध्ये छापलेला एक अभ्यास आहे. रात्री, वाहतूक बंद असलेल्या रस्त्यावर, ड्रायव्हरांना गाडी चालवायला लावली आणि सायकलवाला ओळखू आला की सांगा म्हटलं. काळ्या कपड्यांतला सायकलवाला १०० पैकी २ वेळा ओळखला गेला. तुमच्या जॅकेटसारख्या झगझगीत, पण चंदेरी पट्ट्या नसलेल्या जॅकेटमधला १५ वेळा. चंदेरी पट्ट्यांच्या जॅकेटमधला ५० वेळा. आणि त्याच जॅकेटबरोबर घोट्यांना व गुडघ्यांना पट्ट्या बांधलेला ९० वेळा. मला तरी पन्नासवरून नव्वदवरची ती उडी या सगळ्या विषयातली सर्वांत स्वस्त गोष्ट वाटते. जर्मनीत सायकलच्या पॅडलना पिवळे रिफ्लेक्टर असलेच पाहिजेत असा नियम आहे, तोही याच हलत्या ठिपक्यासाठी. तुमच्या जुन्या सायकलच्या पॅडलमध्ये पिवळे तुकडे बसवलेले असतील, पण त्यांवर चिखल आणि ग्रीस इतकं साचलं असेल की त्यांचा रंग कुणाला आठवत नसेल. साबणाच्या पाण्याने धुवा. तुटले असतील तर नवीन पॅडल टाका, फार महाग नसतात.

आता दिवा. रेडियमची एक मोठी उणीव आहे : त्याच्यावर उजेड पडला तरच ते बोलतं. गल्लीतून नाक बाहेर काढणाऱ्या रिक्षाचा हेडलाइट समोरच्या भिंतीवर असतो, तुमच्या यजमानांवर नसतो. तो त्यांच्यावर पडेपर्यंत रिक्षा रस्त्यात आलेली असते. म्हणून पुढे पांढरा दिवा लागतोच. रस्ता दिसावा म्हणून नाही, ठाणे-बेलापूर रोडवर खांबांचे दिवे पुरेसे आहेत. आडव्या येणाऱ्याला दिसावा म्हणून. तो किंचित खाली झुकवून लावा, समोरून चालत येणाऱ्याच्या डोळ्यांत मारू नका. आणि पुढे लाल दिवा कधीही नको. पोरं हौसेने लावतात. लाल म्हणजे ‘मी तुझ्यापासून दूर चाललोय’ असं सगळी वाहतूक समजते.

दुसरी उणीव कंटेनरची. ट्रकचा ड्रायव्हर उंच बसतो, त्याचे हेडलाइट त्याच्या डोळ्यांच्या बरेच खाली असतात. रेडियम उजेड परत पाठवतं तो हेडलाइटकडे. कारवाल्याला तो जवळजवळ पूर्ण मिळतो, कंटेनरवाल्याच्या डोळ्यांपर्यंत त्यातला थोडाच पोचतो. महापे-तुर्भे पट्ट्यात रात्री जी वाहनं असतात ती कुठली, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा मागे स्वतःचा उजेड असलेला लाल दिवा हवाच. रेडियमवर भागणार नाही.

ब्लिंकर की सरळ पेटणारा, यावर तुमच्या मुलाचं आणि माझं जमणार नाही. लुकलुकणारा दिवा नजर पटकन खेचतो, हे खरं. पण तो विझलेला असतो त्या क्षणांत ड्रायव्हरच्या डोळ्यांना धरायला काही उरत नाही, आणि किती लांब आहे, किती हळू आहे याचा अंदाज चुकतो. जर्मनीत तर सायकलवर लुकलुकणारे दिवे चालतच नाहीत. माझं मत असं : एकच दिवा घेणार असाल तर तो सरळ पेटता ठेवा. दुसरा परवडला तर तो लुकलुकू दे, मुलाचंही समाधान. चार्जिंगचा घ्या, आणि मोबाइलबरोबर रोज सकाळी चार्जिंगला लावायची जबाबदारी मुलाकडे द्या.

मागचा दिवा सीटखाली लावायची पद्धत आहे. तुमच्याकडे ती चुकेल. कॅरिअरवर डब्याची पिशवी असणार, वर शर्टाचं टोक लोंबणार, दिवा त्यामागे लपणार. आमच्या वागळे इस्टेटच्या दिवसांत एक सहकारी अभिमानाने नवा दिवा लावून आला आणि त्यापुढे गोणपाटाची पिशवी बांधून घरी गेला, रोज, दोन वर्षं. दिवा कॅरिअरच्या मागच्या टोकाला, जमिनीला समांतर मागे बघणारा असा बसवा. आकाशाकडे किंवा चाकाकडे नको.

डायनॅमोचा विचार कुणी सुचवला तर नको म्हणा. मी वापरलाय. टायरला घासणारी ती बाटली सहा व्होल्टची असायची. सपाटीवर झकास उजेड, आणि कळवा पुलाच्या चढावर जिथे मागून बस येते नेमका तिथेच दिवा मिणमिणायचा. सिग्नलला थांबलं की पूर्ण अंधार. आता थांबल्यावरही पेटत राहणारे निघालेत, पण हजारात ते बसणार नाही. दिवा नसेल तर पोलीस चाकाची हवा सोडायचे, त्यामुळे डायनॅमो बंद असला तरी तो सायकलवर असायचाच. असो.

रेडियम घ्यायला सायकलच्या दुकानात जाऊ नका, नंबरप्लेट करणाऱ्याकडे जा. ट्रकच्या कडेला लावतात ती पट्टी मागा. मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते ती. पुढे पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी, हाच क्रम ठेवा, मोठ्या वाहनांनाही हाच असतो. लाल पट्टी पांढरीपेक्षा बराच कमी उजेड परत देते, म्हणून मागे ती जरा मोठी लावा. जुन्या सायकलींच्या मागच्या मडगार्डचं टोक कंपनीतूनच पांढरं रंगवलेलं यायचं. तुमच्या सायकलचं तसं असेल तर ते घासून स्वच्छ करा. स्पोकवर बसणाऱ्या चंदेरी नळ्या मिळतात, त्या दोन्ही चाकांना दहा-बारा लावल्या की बाजूने चाक फिरताना दिसतं.

पण सावध. त्याच दुकानात नुसत्या रंगीत स्टिकरलाही रेडियम म्हणतात. ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ ज्यात कापतात त्यातलं बरंचसं रात्री काही चमकत नाही. ओळखायचं कसं? हा प्रयोग तुम्ही दुकानात आणि मग घरीही करा. मोबाइलची टॉर्च लावा, मोबाइल डोळ्याला चिकटवून धरा, आणि पंधरा-वीस पावलांवरून पट्टीकडे बघा. खरी असेल तर ती पेटेल. टॉर्च अंगाशी खाली धरून बघाल तर खरी पट्टीसुद्धा मेल्यासारखी दिसेल आणि दुकानदाराशी उगाच भांडण होईल.

घरी सगळं लावून झालं की रात्री गल्लीत दिवा कमी असेल तिथे ‘यांना’ सायकलवर बसवून तुमच्यासमोरून आणि तुमच्यापासून लांब जायला सांगा. तुम्ही मोबाइल डोळ्याशी धरून बघा : ही कार. मग मोबाइल डोळ्यांपासून वीतभर खाली आणा : हा कंटेनर. फरक तुमचा तुम्हाला दिसेल. नंतर मोबाइल त्यांच्या हातात द्या आणि सायकलवर मुलाला बसवा. माझ्या दहा शब्दांपेक्षा तो एक फेरा जास्त काम करेल.

पावसाचं वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे चार महिने तोच असतो. कापडावरची मण्यांची पट्टी भिजली की तिच्यावर पाण्याचा थर बसतो आणि चमक बरीच उतरते. ट्रकच्या पट्टीला वरून प्लास्टिकचं आवरण असतं, ती पावसात टिकते. म्हणजे पावसाळ्यात भरवसा सायकलवरच्या पट्टीवर आणि दिव्यावर, कपड्यांवर कमी. शिवाय रेनकोट चढला की आतल्या जॅकेटला काही अर्थ उरत नाही. रेनकोटच्या पाठीवर चिकटवायची पट्टी लावा. शिवू नका, सुईच्या भोकांतून पाणी आत येतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. आणि रेनकोटचा घोळ मागच्या दिव्यावर येत नाही ना ते बघा.

आता एक विचारतो. रागावू नका. महापेच्या कंपनीतून ते बाहेर पडतात तेव्हा समोर येते ती रस्त्याची बेलापूरकडे जाणारी बाजू. ठाण्याकडे यायला दुभाजकाच्या पलीकडे जावं लागतं, आणि दुभाजकातला फाटा लांब असतो. रात्री अकराला, दमून, कोण वळसा घालतं? बरेच जण सरळ उलट्या बाजूने निघतात. तुमचे हेही निघत असतील तर वरचं सगळं निम्मं वाया. मागचा लाल दिवा चुकीच्या माणसाला दिसतो. समोरच्या गाडीचे ६० आणि यांचे १५, म्हणजे दोघांतलं अंतर ७५च्या वेगाने कमी होतं. आणि गल्लीतून डावीकडे वळणारा ड्रायव्हर फक्त उजवीकडे बघतो, कारण वाहनं तिकडूनच यायला हवीत. हे डावीकडून येतात. सायकलवर दिवाळीची रोषणाई केली तरी जिकडे कुणी बघतच नाही तिकडून येणारा माणूस दिसणार कसा? फाट्यापर्यंत सायकल हातात धरून कडेने चालत जा म्हणावं. पाच मिनिटं जातील. घणसोली-तळवलीजवळ उड्डाणपूल आहे, तिथेही वर चढायचं नाही, खालून यायचं.

आणि कडेला उभ्या ट्रकना चिकटून चालवू नये. रात्री तिथे दिवे न लावता ट्रक उभे असतात. त्याच्या सावलीतून अचानक बाहेर आलेली सायकल कुठल्याही पट्टीने वाचत नाही. ट्रक दिसला की बराच आधी मागे बघून बाहेर यायचं आणि सरळ रेषेत पुढे जायचं.

एवढं करूनही झोप लागेल अशी हमी मी देत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेरूळजवळ पाम बीच रोडवर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांना पहाटे सहाच्या आधी एका टॅक्सीने मागून धडक दिली आणि ते गेले. सोबत इतर सायकलस्वार होते. मागून येणारा काय करतो यावर सायकलवाल्याचा ताबा नसतो. त्याच्या हातात दोन-तीन सेकंद वाढवून देणं एवढंच आपल्याकडे आहे.

पैशांचा क्रम असा धरा. आधी मागचा दिवा आणि घोट्याचे पट्टे, मग पुढचा दिवा, मग ट्रकची पट्टी एक मीटर, उरलेच तर स्पोकच्या नळ्या. हेल्मेट या हजारात बसणार नाही, पुढच्या बोनसला.

राहता राहिला त्यांचा मेट्रोचा कामगार. जॅकेटवरून भांडू नका. घोट्याचे पट्टे बांधा आणि सांगा की पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून आहेत. हे खोटंही नाही, आम्ही त्यासाठीच लोखंडी क्लिपा लावायचो. जॅकेट नाहीच घातलं तर त्याच्या चंदेरी पट्ट्या उसवून घ्या. दोन इंच रुंद असतात, मागे वेलक्रो लावलात की घोट्याचे पट्टे विकत आणायची गरज नाही. एक तुकडा डब्याच्या पिशवीच्या मागच्या बाजूला शिवा. जॅकेटला साधारण चार पट्ट्या असतात, त्यामुळे थोडं उरेल. ते मुलाच्या दप्तराला. तोही क्लासवरून अंधारातच येत असेल ना?